पंखांचा झगा कुणी लपवला?

मागच्या पावसाळ्यात एक दिवस वाकोल्याच्या नाल्याला पाणी चढले आणि आठवीच्या वर्गात निम्म्याच मुली आल्या. अशा दिवशी नवा धडा घेता येत नाही. मी 'अलिफ लैला'तली हसन बसरीची गोष्ट सांगायला घेतली. बसऱ्याचा सोनार हसन. त्याला एक किमयागार फसवून दूर डोंगरात नेतो. तिथून सुटून तो जिनांच्या सात राजकन्यांच्या महालात येऊन पडतो. त्या त्याला भाऊ मानतात. एक दार सोडून बाकी सगळ्या किल्ल्या त्याच्या हाती देतात. तो अर्थात तेच दार उघडतो. आत बाग, बागेत हौद. हौदावर पक्षी उतरतात, पंखांचे झगे उतरवून ठेवतात आणि त्यांच्या मुली होतात. हसन एकीवर भाळतो, तिचा झगा लपवतो. बाकीच्या उडून जातात, ती मागे राहते. मग निकाह, बगदाद, दोन मुले.

इथे एका मुलीने हात वर केला. "टीचर, ये तो चोरी हुई ना?"

मी गप्प झाले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, बी.एड.च्या सराव पाठातही तिचा उपयोग केला होता. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीला तो पडला आणि तिने तो कुठल्याही स्त्रीवादी ग्रंथाचा आधार न घेता एका वाक्यात विचारला. पुढे मी सांगितले की ती बाई एक दिवस झगा मिळवून उडून जाते आणि वाकवाकच्या बेटांवर पोहोचते, तेव्हा सगळा वर्ग हसला. वाकवाक आणि वाकोला! पुढचे आठ दिवस मैदानात तोच विनोद चालू होता. माझ्या डोक्यात मात्र चोरीचा प्रश्न राहिला. परीकथा मोठ्यांसाठी नव्याने सांगायची म्हणजे नेमके काय करायचे, यावर अलीकडे बरेच बोलले आणि लिहिले जाते. त्याविषयी माझे मत बनवायला मला या प्रश्नाचाच आधार झाला.

आधी गोष्ट नीट पाहू. तिच्यात झगा लपवणारा हसन एकटा नाही. झगा उचल, ही अक्कल त्याला देते ती त्याची मानलेली बहीण, त्या सात जणींतली धाकटी. पुढे त्या झग्याची राखण करते ती हसनची आई. बहिणींना भेटायला परगावी जाताना तो आईला बजावून जातो की झगा दडवून ठेवलेला आहे, बायकोला पत्ता लागू देऊ नकोस. बायको ते ऐकते. मग ती सासूबरोबर हमामला जाते, तिच्या रूपाची बातमी खलिफाच्या महालात पोहोचते, बेगम जुबैदा तिला बोलावून घेते. ती म्हणते, माझा पंखांचा झगा मला द्या, मग माझी खरी करामत पाहा. सासू कानावर हात ठेवते. जुबैदा माणसे पाठवून झगा आणवते. बाई तो अंगावर चढवते, दोन्ही मुलांना कवेत घेते आणि सगळ्यांच्या देखत उडते. जाताना सासूला निरोप देते की त्याला माझी ओढ वाटलीच तर वाकवाकला ये म्हणावे.

म्हणजे बाईला बांधून ठेवण्याची युक्ती एका बाईची, पहारा दुसऱ्या बाईचा आणि सुटकाही तिसऱ्या बाईच्या निव्वळ कुतूहलातून. सासू, नणंद, सून हे आपल्या घरातले तिन्ही कोन इथे आहेत. ज्याने ही गोष्ट प्रथम रचली त्याला घर माहीत होते. तिला 'मुलांची गोष्ट' म्हणणाऱ्याने ती वाचलेली नाही.

आता शेवट. रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीत ही गोष्ट पन्नासेक रात्री चालते. हसन अदृश्य करणारी टोपी आणि जादूची काठी मिळवतो, बायकांच्याच फौजेचा वाकवाक मुलूख गाठतो, बायकोला तिच्या क्रूर बहिणीच्या कैदेतून सोडवतो आणि मुलाबाळांसह बगदादला परत आणतो. सगळे सुखरूप. मोरोक्कोच्या विदुषी फातिमा मर्निस्सी यांनी २००१ साली आलेल्या आपल्या पुस्तकात याच गोष्टीविषयी एक फार महत्त्वाची हकीकत सांगितली आहे. फेज शहरात त्यांची निरक्षर आजी ही गोष्ट सांगे तेव्हा हसनला ती बाई सापडतच नसे, तो अजून वाकवाक शोधतो आहे असा तिचा शेवट असे. छापील पुस्तक हाती आल्यावर मर्निस्सींना कळले की तिथे तो तिला परत आणतो. छापणारे पुरुष होते, सांगणारी बाई होती. आजीने काही नवे तत्त्वज्ञान मांडले नाही, फक्त शेवटचे पान फाडून टाकले. माझ्या मते परीकथेचे पुनर्कथन म्हणतात ते हे. ते करायला विद्यापीठ लागत नाही.

'मोठ्यांसाठी परीकथा' म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. मराठीत 'प्रौढांसाठी' या शब्दाला सिनेमाच्या सर्टिफिकेटचा वास आहे, म्हणून मी तो टाळते. पण मुळात परीकथा मोठ्यांचीच होती. 'अलिफ लैला'ची चौकटच पाहा. रोज एक लग्न आणि रोज एक खून करणारा बादशहा, आणि जीव वाचवण्यासाठी रात्रभर बोलणारी बाई. ही काय बालवाडीची सामग्री आहे? 'दास्तान-ए-अमीर हमजा' लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने शेचाळीस जाडजूड खंडांत छापली ती काही मुलांना झोपवण्यासाठी नव्हे. ती चौकात, दिवाणखान्यात, अफूच्या गुंगीत आणि गुंगीशिवायही, बाप्ये ऐकत. आपल्या दख्खनचे उदाहरण हवे तर विजापूरच्या दरबारचा कवी नुसरती आहे. त्याने १६५०च्या दशकात दखनीत 'गुलशन-ए-इश्क' लिहिले. मनोहर आणि मधुमालतीची कहाणी, म्हणजे हिंदवी प्रेमाख्यान, ते मुसलमान कवीने दखनीत, आदिलशाही दरबारासाठी सांगितले. त्यात पऱ्या राजपुत्राला त्याच्या पलंगासकट उचलून राजकन्येच्या महालात नेतात. पुढे मुलीचे प्रेम उघडकीला येते तेव्हा तिची स्वतःची आई मंत्र टाकून तिचा पक्षी करते. आईनेच! आणि मग पक्षी उडून गेल्यावर रडत बसते. वाकोल्यात मी असे पालक दर वर्षी पाहते. मंत्र तेवढा वेगळा असतो, दहावीनंतर शाळा बंद.

बायकांच्या मजलिशीतही मोठ्यांच्या परीकथा होत्याच. श्रावणातल्या कहाण्या आठवा. शुक्रवारच्या कहाणीत श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला जेवणाच्या पंगतीतून उठवतो, आणि पुढे बहिणीला बरकत आल्यावर त्याच भावाच्या पाटावर बसून ती एकेक घास आपल्या एकेका दागिन्यावर ठेवते. आमच्याकडे रज्जबच्या बावीस तारखेला कुंड्यांच्या वेळी लाकूडतोड्याची कहाणी वाचली जाई. त्यात वजिराची बायको कुंड्यांवर विश्वास ठेवत नाही, मग नवराबायको देशोधडीला लागतात आणि रुमालात बांधलेले खरबूज उघडून पाहावे तर राजपुत्राचे कापलेले मुंडके निघते. तौबा केल्यावर त्याचे पुन्हा खरबूज होते. सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्याच्या नौकेतला माल असाच वेलीपाने होतो आणि असाच परत माल होतो. एकाच गल्लीतल्या दोन घरांत, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, जवळपास एकच कथा शतकभर चालू होती आणि कुणाला पत्ता नव्हता. कुंडे करावेत की नाही हा वाद मला इथे काढायचा नाही. आमच्या घरात तो वाद झाला आणि कुंडे बंद झाले, त्याबरोबर कहाणीही बंद झाली, एवढीच नोंद करते. कहाणीसाठी वेगळी जागा आम्ही ठेवली नव्हती.

ही अशी बंद होण्याची प्रक्रिया जुनी आहे. डेप्युटी नजीर अहमद यांच्या १८७०च्या दशकातील 'तौबतुन्नसूह' कादंबरीत बाप मुलाची पुस्तके जाळतो. वाह्यात किस्से आणि शायरी म्हणून. उर्दू गद्यात सुधारणेचे पर्व या होळीपासून सुरू होते असे मी वर्गात सांगते आणि सांगताना मला वाईट वाटते. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये मुलींनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची यादी दिली. तिच्यात 'अलिफ लैला', 'गुलबकावली', 'दास्तान-ए-अमीर हमजा' आहेतच. गंमत अशी की मुलींना शहाणे करण्यासाठी नजीर अहमद यांनी लिहिलेल्या 'मिरात-उल-उरूस'लाही तिथे पूर्ण अभय नाही. किस्से जाळायला निघालेल्या लेखकाचे स्वतःचे पुस्तक पुढच्या पिढीच्या यादीत सापडावे! मुलींना अक्षर शिकवण्याचे या दोघांचेही काम मोठे आहे, मी स्वतः त्याच पायरीवर उभी आहे. पण शहाणपण आणि अद्भुत यांचे वैर त्यांनी गृहीत धरले आणि आपण ते आजवर वागवतो आहोत.

मराठीतही तेच झाले, फक्त जाळपोळ झाली नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वाचक भरपूर होता. नंतर हरिभाऊ आपट्यांचे वास्तव आले, फार मोठे काम झाले, आणि अद्भुताला साहित्याच्या इतिहासात 'बाल्यावस्था' असे नाव मिळाले. अवस्था सरली, परीकथा मुलांच्या कपाटात गेली. मराठीत तिच्याबरोबर आणखी कुणाला तरी त्या कपाटात ठेवले गेले, आणि ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते काम पुढे नेले. त्या भाषांतराची भाषा आजही वाचावी अशी आहे. त्या पुस्तकाने मराठी घरात अल्लाउद्दीन, अलीबाबा, सिंदबाद आणले. पण मराठी वाचकाच्या कल्पनेत मुसलमान आला तो एकतर या पुस्तकातून, फेटा, दाढी, गालिचा आणि दिवा घेऊन, किंवा इतिहासाच्या पुस्तकातून, तलवार घेऊन. गालिचा आणि तलवार यांच्या मधे जो वडापावच्या गाडीशी उभा असतो, रेशनच्या रांगेत असतो, एसएससीचे पेपर तपासतो, तो बराच काळ मराठी कथेत नव्हताच. 'सुरस व चमत्कारिक' हे शब्द तर वर्तमानपत्रांनी थापेबाजीला समानार्थी करून टाकले. कुणा पुढाऱ्याचे विधान खोटे ठरवायचे असले की या गोष्टींची आठवण काढायची. आपला वारसा म्हणावा तर तो असा परक्याच्या तोंडून, टिंगलीच्या सुरात भेटतो.

शिवाय तो पूर्णपणे आपलाही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या दोन्ही गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या, हलबहून आलेल्या ख्रिस्ती तरुणाने त्या फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालांला सांगितल्या. अल्लाउद्दीन तर मूळ गोष्टीत चीनमधला मुलगा. गालांने पुस्तकात हन्नाचे नावही घातले नाही.

हेच आपल्या अंगणातही घडले आहे. १८६८ साली मेरी फ्रियर या मुंबईच्या गव्हर्नरकन्येने दख्खनच्या गोष्टींचा इंग्रजी संग्रह काढला. गोष्टी सांगणारी तिची आया, ॲना लिबेराता डिसोझा. इथे निदान सांगणारीचे नाव आहे, तिने सांगितलेली तिची जीवनकहाणीही पुस्तकात आहे, त्याबद्दल मेरीबाईंना दाद दिली पाहिजे. पण मुखपृष्ठावर आले ते 'हिंदू परीकथा'. सांगणारी ख्रिस्ती, तिने त्या ऐकल्या आजीकडून, आणि ऐकणारी साहेबाची मुलगी. मोठ्या बाईने मोठ्या बाईला सांगितलेल्या गोष्टी तिथून पुढे मुलांचे पुस्तक म्हणून विकल्या गेल्या.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही दशकांत जगभर परीकथा पुन्हा मोठ्यांकडे आणण्याचे जे चालले आहे ते पाहावे. इंग्लंडच्या अँजेला कार्टरने १९७९ साली जुन्या युरोपीय परीकथा उलट्या करून लिहिल्या, तिथून याची लाट आली. ऑस्ट्रेलियात ती आज बरीच जोरात आहे. सिडनीच्या केट फोर्साइथ यांची २०१२ची 'बिटर ग्रीन्स' ही कादंबरी रापुंझेलची गोष्ट सांगते, पण सोबत ती गोष्ट सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लिहिणाऱ्या शार्लोट-रोज द ला फोर्स या बंडखोर सरदारकन्येचीही सांगते, आणि मनोऱ्यात मुलीला कोंडणाऱ्या चेटकिणीलाही तिचा भूतकाळ देते. चेटकीण चेटकीण का झाली, हा प्रश्न हसनच्या आईला विचारायचा राहिलाच आहे. तिथल्या परीकथाप्रेमींची स्वतःची संस्था आहे, संमेलने होतात, वेशभूषा होतात. हे सगळे चांगलेच. पण ऑस्ट्रेलियाची एक अडचण आहे, ती आपल्याला लगेच कळेल. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आपले किल्ले आणि बर्फातली अरण्ये गोष्टींतून तिथे नेली, आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या पवित्र कथा मात्र 'दंतकथा' म्हणून इंग्रज मुलांसाठी छापल्या. लँगलो पार्करबाईंचा असा संग्रह १८९६चा आहे. म्हणून तिथे परीकथेचा उत्सव साजरा करताना, कुणाच्या जमिनीवर कुणाची परी, हा प्रश्न टळत नाही. ज्या लेखकांना तो पडतो त्यांचे लिखाण टिकेल असे मला वाटते. बाकीच्यांचे पोशाख टिकतील.

आपल्याकडचा उत्सव म्हणजे दास्तानगोई. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली गेले आणि कला संपली असे सगळ्यांनी मानले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी ते शेचाळीस खंड आयुष्यभर जमवले, वाचले, त्यांचे शास्त्र उभे केले, आणि २००५ साली दिल्लीत दास्तानगोई नव्याने उभी राहिली. पांढरे अंगरखे, टोप्या, दोन उशा, पाण्याचे पेले. मुंबईतही प्रयोग होतात, अक्षय शिंपी यांच्यासारख्यांनी 'दास्तान-ए-बडी बांका' या नावाने मुंबईचीच दास्तान मराठीत रंगमंचावर आणली. माझ्या लेखी ही फार मोलाची गोष्ट आहे, उर्दू फॉर्म आणि मराठी भाषा एका गादीवर बसली. तरी एक तक्रार आहे. दास्तानगोईच्या ज्या मैफली मी पाहिल्या त्यांत उमरो अय्यार आणि त्याच्या जंबीलवर, ज्यात सगळे जग मावते त्या झोळीवर, हशा पिकतो, टाळ्या पडतात, आणि शेजारची बाई नवऱ्याला 'इर्शाद' कधी म्हणायचे ते विचारते. उर्दू तिथे अत्तरासारखी असते. थोडी लावायची, घरी न्यायची नाही. ज्या मुली रोज उर्दूत गणित सोडवतात त्या त्या सभागृहात नसतात, तिकिटामुळेही आणि आपल्याला तिथे कुणी बोलावले आहे हे त्यांना ठाऊक नसल्यामुळेही. २०१८ साली मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' पुन्हा आले तेव्हा मुलांपेक्षा आईबापच जास्त खूश होते, तसाच हा आनंद आहे. त्यात वाईट काही नाही. पण जुन्या गोष्टीची आठवण काढणे आणि जुन्या गोष्टीला प्रश्न विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत.

मराठी लेखनात दुसरे काम कुणी केले? जी. ए. कुलकर्णींचे नाव लगेच येते. 'रमलखुणा' हे १९७५चे पुस्तक, नावातच आपल्या रमालांची विद्या आहे. 'इस्किलार' वाचताना वाळवंट, भविष्य सांगणारे, अनोळखी नावांची नगरे असा सगळा पश्चिम आशियाचा वास येतो, पण नकाशावर ते कुठेच नाही. जीएंनी मराठी वाचकाला दाखवले की अद्भुत म्हणजे बाल्य नव्हे. मात्र त्यांच्या अद्भुतात नियतीपुढे माणूस एकटा आहे, बहुधा पुरुष आहे, आणि त्याला शेजारी नाहीत. मला तिथे राहता येत नाही, फक्त फिरून येता येते.

गौरी देशपांडे यांनी मात्र फार वेगळे काम केले आणि त्याची हवी तशी चर्चा झालेली नाही. १९७०च्या दशकात त्यांनी बर्टनचे 'अरेबियन नाइट्स' खंडामागून खंड मराठीत आणले, मोठ्यांसाठी, सोवळे न करता. कृष्णशास्त्र्यांच्या कपाटातून या गोष्टी त्यांनी बाहेर काढल्या. पुढे त्याच गौरीबाईंच्या कादंबऱ्यांत घर सोडून दूरदेशी निघणाऱ्या बाया आल्या. 'तेरुओ' आहे, 'थांग' आहे. या बायांचे मूळ सगळे लोक इंग्रजी शिक्षणात आणि कर्व्यांच्या घराण्यात शोधतात. हजारो पाने 'अलिफ लैला' उतरवताना त्यांच्या हाताखालून हसनची बायकोही उडून गेली असणार, हे कुणी लक्षात घेत नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, पण अभ्यासकाने इकडे पाहावे.

आता ज्या एका कथेसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. इंतिजार हुसैन यांची 'कायाकल्प', १९६७च्या 'आखरी आदमी' या संग्रहातली. शहजादा आजादबख्त सफेद देवाच्या किल्ल्यात कैद असलेल्या शहजादीला सोडवायला येतो. रोज संध्याकाळी देव परततो आणि त्याला माणसाचा वास येतो. म्हणून शहजादी रोज संध्याकाळी मंत्र फुंकून शहजाद्याची माशी करते, भिंतीला चिकटवून ठेवते, आणि सकाळी देव गेला की पुन्हा माणूस. किती जुनी युक्ती, आपल्या सगळ्या दास्तानांत आहे. जुन्या दास्तानीत या युक्तीने राक्षस मरतो आणि लग्न होते. इंतिजारसाहेब तसे करत नाहीत. रोजच्या माशीपणाचा शहजाद्यावर परिणाम होऊ लागतो. सकाळी माणूस व्हायला वेळ लागतो. दिवसाही आपण माणूस की माशी, हे त्याला कळेनासे होते. शेवटी शहजादी घाबरते आणि एका संध्याकाळी त्याची माशी न करता त्याला तळघरात कोंडून ठेवते. पण मंत्र न फुंकताही तो माशी झालेला असतो, आणि सकाळी माणूस होत नाही.

ही कथा पाकिस्तानात, फाळणीत घर सोडून गेलेल्या माणसाने लिहिली. तिच्यात राजकारणाचा एक शब्द नाही. मुंबईत ती वाचताना मात्र मला शब्द घालावे लागत नाहीत. १९९२-९३च्या दंगलींच्या वेळी मी वाचायच्या वयाची नव्हते, पण त्या काळात दारावरची पाटी काढून ठेवली होती, हे घरात पुष्कळदा ऐकले आहे. पाटी पुन्हा लावायला बरीच वर्षे लागली आणि लावली ती नुसत्या आडनावाच्या आद्याक्षराची. लग्नानंतर आम्ही भाड्याची खोली शोधत होतो तेव्हा एका दलालाने अगदी आपुलकीने सल्ला दिला, "ताई, फोनवर नाव सांगू नका, आधी जागा बघून घ्या. तुमचं मराठी इतकं छान आहे, कळणार नाही." त्याचा हेतू वाईट नव्हता. शहजादीचाही नव्हता. तीही त्याला वाचवतच होती. मी फोनवर नाव सांगितले नाही. जागा मिळाली नाहीच, पण परतताना लक्षात आले की दिवसभर मी अम्मीचा फोनही रिक्षात हळू आवाजात, सलाम न करता घेतला. तेव्हा तर कुणी विचारलेही नव्हते. इंतिजारसाहेबांची परीकथा तेव्हा मला कळली. भीती घालणारा देव कथेत फारसा दिसत नाही. कथा देवाची नाहीच, वाचवण्याच्या युक्तीची आहे. हे वास्तववादी कथेत सांगायला गेले असते तर दलाल खलनायक झाला असता, मी बिचारी झाले असते आणि खरी गोष्ट निसटली असती.

आणि इथे आपल्या साहित्याविषयी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याआधी हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ सालीच येऊन गेली होती. या सगळ्या प्रवाहाचा आग्रह होता की आमचे जगणे जसे आहे तसे मांडू. दलित साहित्याने दाखवलेली वाट समोर होती, आणि गालिचा-तलवारीची प्रतिमा पुसायची तर साक्ष देणे गरजेचेच होते. ते लेखन झाले नसते तर आज मी मराठीत लिहिले नसते. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला एक बंधन असते, त्याने फक्त घडले तेवढेच सांगायचे असते. आपल्या कथेत गरिबी आली, तलाक आला, दंगल आली, मोहल्ला आला. जिन आला नाही. परी आली नाही. कुणी उडून गेले नाही. ज्या समाजाच्या आज्यांनी आयुष्यभर रुमालातल्या खरबुजाची कहाणी ऐकली, त्याच्या मराठी कथेत खरबूज नेहमी खरबूजच राहिले.

माझ्या एका सहकारी शिक्षकाने यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे, आधीच आपल्या लोकांना तावीज-गंड्यांत, जिन उतरवणाऱ्यांत लुबाडले जाते, त्यात तुम्ही अजून जिन आणता. आक्षेप खोटा नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला ताप होता तेव्हा तिला चार दिवस झाडफूक करवली आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात नेले. पण तो जिन विकणारा माणूस परीकथा सांगत नाही. तो खरे आहे म्हणून सांगतो आणि पैसे घेतो. परीकथा पहिल्याच वाक्यात कबूल करते की हे झालेले नाही. 'आटपाट नगर होतं' म्हटले की ऐकणारा सावध होतो, त्याला परवानगी मिळते की आता हवे ते विचार. चोरी झाली ना, असे ती मुलगी मला गोष्टीबद्दल विचारू शकली. स्वतःच्या घरातल्या लग्नाबद्दल तिला विचारता आले असते का, मला शंका आहे.

त्या दिवशी मी बर्टनचा शेवट सांगितला नाही, मर्निस्सींच्या आजीचाही नाही. पाणी उतरले नव्हते, वेळ होता. मी मुलींना म्हटले, शेवट तुम्ही लिहा. बऱ्याच जणींनी हसनला माफी मागायला लावली आणि बाईला परत आणले, त्यांना मुलांची काळजी होती. दोघींनी हसनला वाकवाकमध्ये घरकामाला ठेवले. हात वर केलेल्या मुलीने अर्धेच पान लिहिले होते. तिच्या शेवटात हसन नाही, सून उडून गेल्यानंतरची सासू आहे. ती रिकामी पेटी उघडून बसते. पेटीच्या तळाशी आणखी एक झगा निघतो, जुना, पिसे झडलेला, तिच्याच मापाचा. पुढे तिने काही लिहिले नव्हते, घंटा झाली होती. वही अजून माझ्याकडे आहे.